दादासाहेब फाळके कुठल्या कॉलेजात शिकले?

मित्रांनो, सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो.

माझा मामेभाऊ यंदा बारावी झाला. त्याला सिनेमा करायचाय. हिरो वगैरे नाही हं, कॅमेरा, एडिटिंग, प्रॉडक्शन असलं काहीतरी. मामाला हे झेपेना. घरात आठ दिवस अबोला. शेवटी मामाने मला फोन केला, कारण आमच्या खानदानात इंजिनिअरिंगला गेलेला मी एकटाच, आणि वर गॅदरिंगचे व्हिडिओ मी एडिट करतो. म्हणजे दोन्ही पार्ट्यांच्या मते मी तज्ज्ञ! मामाने विचारलं, सिनेमा शिकायचं चांगलं कॉलेज कुठलं आणि पैसे वाया तर जाणार नाहीत ना?

त्या वेळी मी सबमिशनच्या गडबडीत होतो. तोऱ्यात उत्तर ठोकून दिलं, की सिनेमाला कॉलेज लागतच नाही, दादासाहेब फाळके कुठल्या कॉलेजात गेले होते? मामा खूश, कारण फी वाचली. भाऊ मात्र गप्प झाला. नंतर मामीकडून कळलं की माझ्या त्या एका वाक्यावर त्याचं पुण्याला जायचं रद्द झालंय.

मग मला टोचणी लागली. लायब्ररीत जाऊन फाळक्यांबद्दल जे मिळालं ते वाचून काढलं. आणि कळलं की माझं वाक्य सपशेल खोटं होतं. फाळके कॉलेजात गेले होते. एक नव्हे, दोन. त्यातलं दुसरं तर चक्क आपल्यासारखं, टेक्निकलचं! त्यांच्या वेळी सिनेमाचं कॉलेज नव्हतं एवढंच खरं. म्हणून हा लेख. फाळक्यांचं चरित्र तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल, पण इथे मी ते एका विद्यार्थ्याचं चरित्र म्हणून सांगणार आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पोथ्या, पुराणं, पूजाअर्चा. अशा घरातला मुलगा पुढे काय होणार हे त्या काळी ठरलेलंच असायचं. पण दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. मुलाचा हात चित्रात चांगला आहे हे घरच्यांच्या लक्षात आलं होतं. १८८५ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, धुंडिराजने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. एका शास्त्रीबुवांनी मुलाला चित्रं काढायला कॉलेजात पाठवलं, तेही त्या जमान्यात! आजही घरोघरी या विषयावरून भांडणं होतात, तेव्हा दाजीशास्त्रींना माझ्यातर्फे एक नमस्कार.

जे. जे. नंतर धुंडिराज थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला. सयाजीराव महाराजांचं बडोदं म्हणजे तेव्हा नव्या गोष्टींचं गाव. तिथे १८९० साली कलाभवन सुरू झालं. ते उभं केलं प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी. नावावरून वाटतं की इथे नुसती चित्रकला चालत असेल. तसं नव्हतं. गज्जर होते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कापड रंगवणं, रसायनं, यंत्रं हे त्यांचे विषय, आणि तंत्रशिक्षण आपल्या भाषेतून मिळालं पाहिजे हा त्यांचा आग्रह. म्हणजे कला आणि वर्कशॉप एका छपराखाली. हेच कलाभवन पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. आजही तिथल्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीला लोक कलाभवन म्हणूनच ओळखतात. तेव्हा भारतीय सिनेमाचा जनक हा एका परीने आपला सीनियर आहे, हे आपल्या ज्युनिअर्सना सांगायला हरकत नाही.

कलाभवनात धुंडिराज तैलरंग आणि जलरंग शिकला, मूर्तिकाम शिकला, वास्तुकलेचे धडे घेतले. त्याच सुमाराला एक स्थिर फोटोंचा कॅमेरा घेतला आणि फोटो काढणं, धुणं, छापणं यांच्या मागे लागला. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती ठेवली, तिला सुवर्णपदक मिळालं. चित्रकाराला नाट्यगृहाच्या मॉडेलसाठी पदक! पुढे सिनेमाचे सेट कसे उभे राहिले याचं उत्तर इथे सापडतं.

गज्जर सरांनी या मुलातलं पाणी ओळखलं. त्यांनी त्याला रतलामला पाठवलं. तिथे तो तीन रंगांचे ब्लॉक करणं, फोटो-लिथो अशा छपाईच्या क्रिया शिकून आला. आल्यावर सरांनी त्याच्या हाती कलाभवनचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा दिली. वापर म्हणाले, काम कर. मित्रांनो, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. आपल्याकडे ऑसिलोस्कोपला हात लावायचा तर आधी लॅब असिस्टंटला शोधा, मग तो किल्ली शोधणार, तोवर प्रॅक्टिकलची वेळ संपते! १८९३ साली एका विशीतल्या पोराच्या ताब्यात आख्खी लॅब आली होती.

कॉलेज इथे संपलं, पण शिक्षण नाही. पुढची जवळजवळ वीस वर्षं वरवर पाहिली तर एका धरसोड्या माणसाची वाटतात. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा टाकला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. धुंडिराज मोडून बडोद्याला परतला. फोटोचा धंदा तिथेही चालेना, कारण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो असा लोकांचा समज. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. मग जादू शिकला आणि प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग केले. फाळके उलटं वाचा म्हणजे नाव कुठून आलं ते कळेल. १९०२ साली दुसरं लग्न झालं, गिरिजा करंदीकर यांच्याशी. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी. पक्की सरकारी नोकरी! ती १९०६ मध्ये सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. पुढे तो दादरला आला आणि त्याचं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा उत्तम चालला आणि मग भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले. वय चाळीस, घरात पोरंबाळं, हातात काही नाही.

आपल्या एखाद्या नातेवाइकाचा असा बायोडेटा असता तर घरी काय बोललं गेलं असतं? एक धड केलं नाही, हेच ना?

आणि मग आला १९११ चा ईस्टर. गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नावाच्या तंबूत फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांना तिथे राम आणि कृष्ण दिसत होते. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. रोज सिनेमे बघायचे, मिळतील ती पुस्तकं आणि कॅटलॉग वाचायचे, प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली हे आपलं नशीब.

आता प्रश्न आला तोच, जो माझ्या मामेभावाला पडलाय. हे शिकायचं कुठे?

भारतात सोय नव्हती. फाळक्यांनी सरळ लंडनला जायचं ठरवलं. बारा हजारांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून दहा हजारांचं कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला निघाले. वय वर्षं एक्केचाळीस. ओळखीचं तिथे कोणी नाही. ज्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे ते वाचक होते त्याच्या कचेरीत जाऊन थडकले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्तच केलं. हिंदुस्थानच्या हवेत हे जमायचं नाही, असं त्यांचं मत. पण माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थचा स्टुडिओ लंडनजवळ वॉल्टनला. तिथे फाळक्यांना सगळे विभाग पाहायला मिळाले, ट्रिक फोटोग्राफी कशी करतात तेसुद्धा. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला, कच्ची फिल्म आणि तिला छिद्रं पाडायचं परफोरेटर मशीन यांची ऑर्डर दिली आणि १ एप्रिल १९१२ ला परत हजर!

दोन महिने. तेही जाण्यायेण्याचा बोटीचा प्रवास धरून. एवढ्यात हा माणूस सिनेमा शिकून आला. कसं शक्य आहे? इथेच माझी आधीची चूक होत होती. मला वाटायचं, बघा, दोन महिन्यांत शिकले, म्हणजे शिकायला काही लागत नाही. पण नीट मांडून पाहिलं तर सिलॅबस त्यांनी आधीच पूर्ण केला होता. फ्रेममध्ये काय कुठे ठेवायचं, ते जे. जे. मध्ये. सेट, कलाभवनात आणि नाटकाच्या पडद्यांवर. लेन्स, प्रकाश, डेव्हलपिंग, गज्जर सरांच्या लॅबमध्ये आणि गोध्र्यात. ट्रिक सीन, जादूच्या प्रयोगांत. एका मूळ चित्रावरून तशाच प्रती काढणं, छापखान्यात. राहिलं होतं फक्त हलतं चित्र, आणि नेमकं तेवढंच शिकायला ते लंडनला गेले. तिथेही वर्गात बसून न राहता जिथे सिनेमा प्रत्यक्ष तयार होतो तिथे जाऊन उभे राहिले. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे पेपर क्लिअर होते, एकच बॅकलॉग राहिला होता.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तरी आपल्या पोरांसाठी दोन गोष्टी सांगतोच.

पहिली म्हणजे त्यांचा प्रोजेक्ट. सिनेमाला पैसे कोणी देईना, कारण ही चीज कोणाला माहीतच नव्हती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर लावून रोज थोडं थोडं चित्रण महिनाभराहून जास्त केलं. मग मिनिटभरात बी रुजून त्याचा वेल झालेला पडद्यावर दाखवला. ‘अंकुराची वाढ’. आज आपण ज्याला टाइम-लॅप्स म्हणतो तेच. ते पाहून कर्ज देणारे पुढे आले. प्रोजेक्टचा डेमो चालला की एक्स्टर्नल कसा गप्प होतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट छिद्रांची. कच्ची फिल्म कोरी यायची, छिद्रं घरी पाडावी लागायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम, आणि एका फ्रेमला दोन्ही बाजूंची मिळून आठ छिद्रं. म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ होता ३७०० फूट. गुणाकार करा. ४,७३,६०० छिद्रं, आणि हा फक्त एका प्रिंटचा हिशेब, निगेटिव्ह वेगळीच! हे काम कोणी केलं? सरस्वतीबाईंनी. दिवसा युनिटचा स्वयंपाक, कपडे, चित्रीकरणाला मदत आणि रात्री अंधारात फिल्म. डेव्हलपिंगसुद्धा शिकल्या. दागिने तर आधीच दिले होते. सिनेमात बाई काम करायला तयार नव्हती म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे उपाहारगृहातले आचारी. कॅमेरा चालवायला आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी स्वतः शिकवलं. म्हणजे ज्या माणसाला शिकायला कॉलेज मिळालं नाही, त्याच्या दादरच्या घरातच कॉलेज सुरू झालं होतं. सरस्वतीबाई त्याच्या पहिल्या विद्यार्थिनी, हे मी माझ्या जबाबदारीवर लिहितो. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ मध्ये तर फाळक्यांनी सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्मसुद्धा काढली. शिकवायची हौस!

पण फक्त गोड गोड लिहिलं तर मामाच्या प्रश्नाला अर्धंच उत्तर होईल. पैसे वाया जाणार नाहीत ना, असं त्याने विचारलं होतं. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भांडवलवाले भागीदार आले आणि थोड्याच काळात त्यांच्याशीही खटके उडाले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, १९२२ मध्ये परत कंपनीत आले. छापखान्यात झालं तेच पुन्हा. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने सिनेमा बोलका केला आणि दादासाहेबांचं ज्ञान एका रात्रीत जुनं झालं. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून काढला, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांनी जन्माला घातलेला धंदा त्यांच्यापासून केव्हाच लांब गेला होता. हिशेब ठेवणं, करार करणं, भागीदार सांभाळणं, याला प्रॉडक्शन म्हणतात आणि हा पेपर दादासाहेबांचा शेवटपर्यंत सुटला नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे.

ते गेल्यावर सोळा वर्षांनी, १९६० साली, पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. १९९५ मध्ये कोलकात्यात सत्यजित राय यांच्या नावाची दुसरी निघाली. शिवाय आता गल्लोगल्ली खाजगी संस्था आहेत. फाळक्यांना एकही मिळाली नाही, आपल्याला इतक्या मिळतात की निवडता येत नाही!

तर मित्रांनो, हे सगळं वाचून झाल्यावर मी मामाला फोन केला. आधी माझं वाक्य मागे घेतलं. मग रविवारी मामा, भाऊ आणि मी असे तिघं एका खाजगी संस्थेत गेलो. नाव लिहीत नाही. माहितीपत्रक गुळगुळीत, फी ऐकून मामाने पाणी मागितलं. मी विचारलं की विद्यार्थ्याला कॅमेरा आठवड्यातून किती तास हातात मिळतो? काउंटरवरच्या मॅडमनी आम्हाला कॅमेरा दाखवला. काचेच्या कपाटात. कुलूप लावलेला. भावाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. काही बोलायची गरजच पडली नाही.

येताना एसटीत आम्ही चार प्रश्न कागदावर लिहिले. मशीन हातात किती मिळणार? शिकवणारा स्वतः हे काम करतो का, म्हणजे गज्जर सर आहेत का? पहिल्या वर्षात स्वतःची छोटी का होईना फिल्म पूर्ण करायला लावतात का? आणि पैसे, करार, हिशेब शिकवतात का? जिथे या चारांची सरळ उत्तरं मिळतील ते चांगलं कॉलेज, मग इमारत कशी का असेना. इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडतानाही हेच विचारायला हवं होतं, पण आमचा कॅप राउंड होऊन गेला, आता काय!

सरकारी फिल्म संस्थांच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. म्हणून भावाने सध्या फिजिक्स घेऊन बीएस्सीला अ‍ॅडमिशन घेतली आहे. दुपारी तो गावातल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे जातो. अजून त्याला फक्त केबल गुंडाळायला आणि लाइट धरायला देतात. मामा बोलायला लागलाय. पदवीनंतर पुण्याची परीक्षा द्यायची असं ठरलंय, लागेल की नाही ते पुढे बघू.

परवा त्याचा मेसेज आला. मालकाने पहिल्यांदा कॅमेरा हातात दिला, दहा मिनिटं. नवरदेव घोड्यावर चढताना त्याने शूट केला. जरा हललाय म्हणतो. मी सांगितलं, हलू दे.